सातव्या गाळ्याचं पाणी

"ह्यो बगा पावणं, ह्यो आमचा लालासाब मिस्त्री. ह्येचा बा गैबी बरगं घालायचा तवा बंधाऱ्याच्या खाली चिमणीला प्यायला थेंब गावत न्हवता. आन् ह्येनं घातलं की खालच्या अंगाला म्हशी डुंबाय येत्यात!"

करंजवडीच्या पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन बाळासो एवढं बोलले आणि बंधाऱ्यावर उभे असलेले पाहुणे खो खो हसले. पाहुणे कागलकडच्या एका सोसायटीचे. करंजवडीची स्कीम लई भारी आहे असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून जीप करून बघायला आले होते. लालासाब खाली गुडघाभर पाण्यात उभा राहून एका फळीचा कुजका कड चाचपत होता. त्यानं मान वर केली नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

"मिस्त्री, ऐकतोयस न्हवं?" बाळासोंनी वरून हाक दिली. "ह्ये सातव्या गाळ्यातनं भळाभळा चाललंय त्ये काय हाय? पावण्यास्नी काय सांगू, आमच्या मिस्त्रीच्या हाताला भोक हाय म्हणून?"

पाहुणे पुन्हा हसले. त्यातला एक तर डोळे पुसायला लागला.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या फाल्गुनातली गोष्ट. वेदगंगेवरचा हा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे केलेले दगडी खांब आणि दोन खांबांच्या मधे एक, असे अकरा गाळे. पावसाळ्यात गाळे उघडे ठेवायचे आणि पुराला वाट द्यायची. पाऊस सरला की खांबांच्या खाचांतून लाकडी फळ्या एकावर एक सोडायच्या. त्यांना म्हणायचं बरगे. बरग्यांच्या दोन रांगा, आणि दोन रांगांच्या मधे चिकणमाती ठासायची. झाला बंधारा. काम बघायला सोपं. पण माती जरा कमी-जास्त झाली की नदी लगेच दाखवून देते की मिस्त्री कोण आहे.

लालासाबच्या घरात हे काम बापापासून होतं. बंधारा करंजवडीच्या हद्दीत, मजुरी करंजवडीची, आणि लालासाबचं घर मात्र दीड मैल खाली नांदवळात. नांदवळला ना विहिरीला पाणी, ना कूपनलिकेला. गावाजवळ नदीत एक डोह होता, तोच त्यांचा नळ आणि तोच त्यांचा धुण्याचा दगड. त्या डोहात उन्हाळाभर पाणी कुठून यायचं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. गैबीनं पोराला काम शिकवताना सातव्या गाळ्यापाशी आणून सांगितलं होतं, "हितं माती ठासायची न्हाय. नुसती दावायची." त्या गाळ्याच्या तळातून मनगटाएवढी धार रात्रंदिवस खाली जायची आणि नांदवळ जगायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

गैबीच्या काळात करंजवडीला एक डिझेलचं इंजिन होतं. बंधाऱ्यामागं साठलेल्या पाण्याचा फुगवटा काठोकाठ भरून वरून सांडायचा, त्यात खालची धार कुणाला दिसणार? आता पन्नास पन्नास घोड्यांच्या तीन मोटरी बसल्या, माळावर सहाशे एकर ऊस उभा राहिला, आणि फाल्गुनातच पाणी निम्म्यावर आलं. पाणी उतरल्यावर बाळासोंना मोटरी दिसल्या नाहीत, गळती दिसली. आणि लालासाबला हे तोंडानं सांगताही येईना की चेअरमन, माझा बासुद्धा हेच करत होता.

पाहुणे गेले. लालासाब काठावर येऊन बसला. तीस वर्षांत कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं. गारगोटीपर्यंतचे लोक बरगे घालायचे झाले की आधी त्याला विचारून जात. आणि आज जीपमधून आलेल्या चार उपऱ्यांनी दात काढले.

"चेअरमन," तो उठून म्हणाला, "चार गडी द्या आन् तीन दीस द्या."

"कशाला रं?"

"मग बोलावा तुमच्या पावण्यास्नी परत."

त्यानं पाण्याच्या बाजूला आडवा माती-पोत्यांचा बांध घालून एकेक गाळा कोरडा केला. जुनी माती खरवडून काढली. तळ्यातली काळी चिकणमाती बैलगाडीनं आणवली आणि गड्यांकडून ती अशी तुडवून घेतली की त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. प्रत्येक बरग्याचा कड वाकसानं तासला, सांधा सांध्याला बसवला. भाताचं काड पाण्यात भिजवून, पिळून, दोरीसारखं वळून फटीफटीत कोंबलं. सातव्या गाळ्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. बा आठवला. मग तो डोळे पुसणारा पाहुणा आठवला, आणि त्यानं सातव्या गाळ्यात दुप्पट माती ठासली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो खालच्या अंगाला उतरला आणि अकराच्या अकरा गाळ्यांवरून तळहात फिरवला. हात कोरडा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुठलंही भोक न ठेवता त्यानं काम केलं होतं, आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं गड्यांना पदरचा चहा पाजला.

गंमत अशी, की पहिले चार दिवस नांदवळानंही त्याचं कौतुकच केलं. स्टँडवरच्या हॉटेलात त्यानं सांगितलं, "एक थेंब जात न्हाय," आणि सरपंच आकारामनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रं पठ्ठ्या! आमच्या गावचा मिस्त्री हाय म्हटलं!" डोहात पाणी होतं तोवर कुणाच्या डोक्यात दुसरा विचार आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी म्हातारी चिमणाबाई डोहावर गेली आणि घागरीत अर्धा चिखल घेऊन परत आली. तेव्हा सगळ्या गावाच्या डोक्यात एकदमच उजेड पडला.

मग बायकांनी वाळूत झरे उकरले. एक वाटी पाणी भरायला जप करण्याएवढा वेळ लागायचा. ताजबी, म्हणजे लालासाबची बायको, घागर घेऊन गेली तेव्हा बायका ओळीत बसल्या होत्या. चिमणाबाईनं तिला बघितलं आणि सगळ्यांना सरकवलं.

"उठा गं. आदी मिस्त्रीणीला भरू द्या. तिच्या मालकानं गावाचं नाव काढलंय."

कुणी शिवी दिली असती तर ताजबीनं दोन परत दिल्या असत्या. हे मात्र तिला सोसवलं नाही. ती रिकामी घागर घेऊन घरी आली आणि लालासाबसमोर ती उपडी ठेवली.

"अवं, भाकरी थापाय पानी हाय, भांडी घासाय न्हाय. तुमचं ताट फडक्यानं पुसून ठेवलंय. सांगा चेअरमनला, आमच्या मालकानं लई पक्कं काम केलंय, ताटसुदीक कोरडं हाय."

"मी काय मुद्दाम केलं व्हय?"

"मग काय झोपंत केलं? सातव्या गाळ्याचं तुमास्नी ठावं न्हवतं?"

लालासाबनं उपडी घागर उचलून सरळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी आकाराम सरपंच चार माणसं घेऊन करंजवडीला गेला. लालासाबही मागून गेला, जणू वाटेतच भेटला असा. सोसायटीच्या ऑफिसात बाळासो पंख्याखाली बसले होते.

"चेअरमन, जरा पानी सोडा की खाली. माणसं-जनावरं तडफडाय लागल्यात."

"सोडू की. पर कुठनं सोडू? बंधारा गळतच न्हाय!" बाळासोंनी लालासाबकडं मोठ्या प्रेमानं बघितलं. "तुमच्याच मिस्त्रीनं केलंय, आमी काय केलं?"

"चार बरगं काढा की मग."

"आरं तिच्या! सहाशे एकर ऊस वाळवू? फॅक्टरीला काय सांगू, नांदवळच्या म्हशी धुवाय पानी दिलं म्हणून?"

"नदी आमच्याबी दारातनं जात्या, चेअरमन."

"जात्या की. जाऊ दे. आमी नदीला कुठं अडीवलंय? पानी अडीवलंय. पानी आमच्या हद्दीत हाय. नदी आमच्या हद्दीत हाय तवर ती आमची, तुमच्या हद्दीत आली की तुमची. आमचा काय दावा न्हाय बगा त्येच्यावर."

आकारामला एवढं समजलं की बाळासोंनी नांदवळला नदीचं सगळं वाळवंट मोठ्या मनानं देऊन टाकलं होतं. तो उठला आणि तालुक्याला अर्ज करायचा ठरवून आला. शाळेतल्या गुरुजींनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. विषय : बंधारा गळत नसल्याबाबत.

पंधरा दिवसांनी पाटबंधारे खात्याच्या साहेबांची जीप आली. साहेबांचं नाव त्र्यंबकराव, शहरातला शांत माणूस, डोक्याला टोपी, हातात फाइल. त्यांनी बंधारा फिरून बघितला, एका गाळ्यावर पेनाचं टोक घासलं आणि मान हलवली.

"सरपंच, वीस वर्षं नोकरी झाली माझी. बंधारा गळतो म्हणून शंभर अर्ज आले असतील. गळत नाही म्हणून आलेला हा पहिलाच."

"मग त्येचं काय करायचं सायब?"

"हीच तर अडचण आहे. गळतीच्या तक्रारीला दुरुस्तीचा रकाना आहे. न गळण्याच्या तक्रारीला रकानाच नाही. यात दुरुस्त करायचं काय?"

"आमाला प्यायला पानी न्हाय, ह्ये दुरुस्त करायचं."

"ते बरोबर आहे. पण तो विषय या अर्जात कुठं आहे?"

साहेब माणूस वाईट नव्हता. नांदवळात आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. आकारामनं तांब्या पुढं केला. साहेबांनी तळाचा गाळ बघितला, तांब्या अलगद खाली ठेवला आणि म्हणाले की तहान तशी नाहीये. मग त्यांनी फाइलवर शेरा मारला : प्रथमदर्शनी गळती निरंक, काम उत्तम, मिस्त्रीचा गौरव व्हावा.

हा शेरा बाळासोंच्या हाती लागला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. जोतिबाची यात्रा उरकून माणसं परत आली, अंगावरचा गुलाल अजून निघाला नव्हता, तोवर बंधाऱ्याच्या काठावर मांडव पडला. सोसायटीची सभा, साहेबांच्या हस्ते लालासाबचा सत्कार, आणि कागलकडचे तेच पाहुणे पुढच्या ओळीत. नांदवळलाही बोलावणं होतं. सगळं गाव आलं, कारण सभेला येणाऱ्यांसाठी पाण्याचे दोन रांजण ठेवलेत अशी बातमी आधीच पोचली होती. चिमणाबाई तर कळशी घेऊनच आली होती.

लालासाबला शाल मिळाली, नारळ मिळाला. चौकटीतला कागद साहेबांनी वाचून दाखवला. डोळे पुसणारा पाहुणा आता जोरजोरात टाळ्या वाजवत होता. ज्या घडीची लालासाबनं दीड महिना वाट बघितली होती ती आली होती, आणि तो समोर बघत होता. मांडवाच्या कडेला ताजबी रांजणापाशी ओळीत उभी होती, हातात तांब्या, आणि तिच्याकडं कुणी बघू नये म्हणून तिनं पदर नाकापर्यंत ओढला होता.

"मिस्त्री, दोन शब्द बोल," बाळासो म्हणाले.

लालासाब माईकपाशी गेला. घसा खाकरला.

"मंडळी, ह्यो नारळ माजा न्हवं. सातव्या गाळ्यातलं काम कच्चं हाय."

साहेबांनी घाईनं फाइल उघडली.

"मी माती जास्ती घातली. ती आतनं फुगलीया. बरगं वाकल्यात. आज सुटतील का चार दिसांनी, सांगाय येत न्हाय. सुटलं की ह्यो सगळा फुगवटा एका घटकंत कागलच्या पल्याड."

"आरं माजी सहा एकर उसाची लागण हाय!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. खुर्च्या मागं सरकल्या. दोघेतिघे तर सातव्या गाळ्याकडं धावतच गेले, जणू हातानं धरून ठेवणार होते.

साहेब घाबरून उभे राहिले. "पण मी स्वतः पाहिलं. कोरडं होतं!"

"सायब, भाईरनं कोरडंच दिसायचं. बिगाड आत हाय."

"तरीच मी 'प्रथमदर्शनी' असं लिहिलं होतं," साहेब घाईनं म्हणाले आणि फाइलमधला तो शब्द बोट ठेवून आजूबाजूच्यांना दाखवायला लागले.

बाळासोंच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. "आता काय विलाज, लाला?"

"दाब कमी कराय पायजे. सातव्या गाळ्याच्या तळातनं मनगटायवढं पानी रातदीस सोडत ऱ्हायाचं, पाऊस लागूपातूर. एकदाबी बंद केलं तर मी जबाबदार न्हाय."

"म्हंजे पयल्यागत गळती?"

"गळती न्हवं चेअरमन. बंधारा वाचवायचा म्हटल्यावर सोडाय लागतंय."

नांदवळच्या तहानेला फाइलमध्ये जागा नव्हती, पण बंधाऱ्याच्या धोक्याला होती. साहेबांनी तिथंच मांडीवर कागद ठेवून पाणी सोडण्याचा हुकूम लिहिला, खाली सही केली आणि तारीख आदल्या दिवसाची घातली. बाळासोंनी लालासाबच्या खांद्यावरची शाल स्वतःच्या हातानं काढून घेतली, घडी घातली आणि काखेत मारली.

"तीस वर्सं तुजा भरवसा धरला, लाला. पुढच्या साली हिकडं फिरकू नगंस."

पाहुण्यांपैकी एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघे हसले. ह्या खेपेला लालासाबनं मान खाली घातली नाही, सरळ बघत राहिला. मग चार गडी घेऊन गाळ्यात उतरला आणि बापानं शिकवलेल्या जागी माती नुसती दाखवायची ठेवली.

तिसऱ्या दिवशी डोहात पाणी आलं. बायकांनी झऱ्यांवरच्या वाट्या उचलल्या आणि घागरी बुडवल्या. हॉटेलात आकारामनं चहा सांगितला.

"देवानंच राखलं गड्यांनू! लालासाबचं काम कच्चं निगालं म्हणून बरं, पक्कं असतं तर मेलोच असतो की!"

सगळे हसले. लालासाब त्याच बाकड्यावर बसला होता. त्याला वाटलं होतं, निदान एखाद्याला तरी कळेल. कुणालाही कळलं नव्हतं. त्यानं जे माईकवर सांगितलं ते सगळ्या गावानं खरं धरलं होतं, आणि आता मागं घेऊन सांगायची सोय नव्हती. तो घरी आला तेव्हा ताजबी बादली भरून ठेवून बसली होती.

"खरंच कच्चं हुतं?" तिनं हळूच विचारलं.

"तुज्या गळ्याची आण. असलं पक्कं काम माज्या बालाबी जमलं नसतं."

तिनं बादली त्याच्या पुढं सरकवली आणि त्याच्या पायावर स्वतःच्या हातानं पाणी घातलं. लालासाबला रडू आलं. त्यानं तोंडावर दोन ओंजळी पाणी मारून घेतलं, म्हणजे ते दिसू नये.

पुढच्या साली बरग्यांचा मक्ता बाळासोंच्या साडूच्या भावाला मिळाला. त्याचं नाव कृष्णात. तिशीतला गडी, मेहनती, स्वभावानं गरीब, आणि त्यानं आजवर सुतारकामात एक बाज तेवढी केली होती. त्यानं घातलेले बरगे पहिल्या गाळ्यापासून अकराव्यापर्यंत गळायला लागले. नात्यातल्या पाव्हण्याला शिव्या देता येतात, काढून टाकता येत नाही, म्हणून बाळासो रोज सकाळी बंधाऱ्यावर येऊन शिव्या देऊन जात.

नांदवळात मात्र पाणीच पाणी झालं. म्हशी खरोखर डुंबायला लागल्या. आकारामनं पाच घोड्यांचं इंजिन आणून दोन एकर ऊस लावला, डोहाच्या तोंडाला मातीचा बांध घातला, आणि खालच्या वाडीचे लोक पाण्यासाठी आले तेव्हा त्यांना हद्दीचा हिशेब समजावून सांगितला. हॉटेलात कृष्णातचं नाव निघाल्याशिवाय चहा येत नसे. "काय हात हाय गड्याचा!" आकाराम म्हणायचा. "मिस्त्री असावा तर असा." लालासाब त्या बाजूनं जाणंच टाळायला लागला. करंजवडीला जायची वाट मात्र बंधाऱ्याजवळूनच होती, आणि तिथं गळतीचा आवाज कानावर येई. ऐकून त्याच्या हाताला मुंग्या यायच्या. माती नीट तुडवलेली नाही, काड कोरडंच कोंबलंय, हे त्याला आवाजावरून कळायचं.

एका दुपारी कृष्णातच त्याच्या दारात आला. ओट्याच्या कडेला अंग चोरून बसला.

"मिस्त्री, माजं कुठं चुकतंय त्येवढं सांगा. चेअरमन रोज आई-बा काढतोय. लोक म्हणत्यात, शेवटी-शेवटी तुमचं काम बिगाडलं, पर त्येच्या आदी तुमच्यासारका मिस्त्री न्हवता. माती कशी तुडवायची, काड कसं वळायचं, एकदा हाताला धरून दावा की. तुमाला गुरू मानीन."

लालासाबनं त्याचे हात बघितले. रुंद पंजा, बोटं लांब, नखांत चिखल. एका हंगामात तयार झाला असता. लालासाबला पोरगा नव्हता, आणि तीस वर्षांत ही विद्या कुणी त्याच्याकडं मागितलीही नव्हती. ताजबी डोहाच्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि पाणी न देताच थांबली.

"तुजं कायबी चुकत न्हाय," लालासाब म्हणाला.

"आवं पर अकरा गाळ्यातनं जातंय!"

"जाऊ दे. माती हाय तशीच घाल. काड कोरडंच घाल. कुणी काय बी सांगू दे, तू तुजा हात बदलू नगंस. तुज्या हातात कला हाय."

कृष्णातचा चेहरा उजळला. ताजबीनं दिलेलं पाणी तो घटाघटा प्यायला, वाकून लालासाबच्या पाया पडला आणि उड्या मारत बंधाऱ्याच्या वाटेला लागला. बापानं दिलेली विद्या आता आपल्याबरोबरच मातीत जाणार, हे लालासाबला त्या घडीला पक्कं कळलं. त्याला मागं हाक मारावी म्हणून तो एकदा ओट्यावरून उठलाही, आणि परत खाली बसला.